सालीतलं संत्रं

संत्र्याचा वास फोडीत नसतो, सालीत असतो. विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, वरुड-मोर्शीकडे, पोरांना हे शाळेचं तोंड बघण्याआधीच ठाऊक झालेलं असतं. ताजी साल दुमडून शेजारच्याच्या डोळ्यांपुढे दाबली की बारीक फवारा उडतो, डोळे चुरचुरतात आणि भांडण जुंपतं. तोच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर गेला तर तडतड ठिणग्या उडतात, फुगवलेल्या फुग्यावर गेला तर फुगा फटकन फुटतो. हिवाळाभर हा वास आमच्या बोटांना, स्वेटरच्या बाह्यांना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागलेला असायचा. आणि तरी तो आम्ही कधी खाल्ला नाही. फोडी खाल्ल्या, रस प्यायलो, कुणी नागपूरला गेलं तर संत्रा बर्फीचा डबा आला. सालींच्या वाट्याला गच्चीवरचं ऊन आलं. वाळून, कुटून त्या उटण्यात गेल्या, राहिलेल्या उकिरड्यावर.

मी घरी संत्र्याच्या मऊ कुकीज करते त्या या वासापायी. लग्नानंतर पुण्यात आले, ओट्यावर छोटा ओटीजी आला, आणि दर हिवाळ्यात माहेरून संत्र्यांची पेटी येऊ लागली. पेटी उघडली की पूर्ण घर भरतं. मग फळं संपतात आणि वासही संपतो. तो थोडा तरी धरून ठेवता येईल का, या एका प्रश्नावर मी बरेच हिवाळे घालवले आहेत आणि आता ठामपणे सांगू शकते, की येतो. पण त्यासाठी बिस्किट मऊच हवं. कुरकुरीत बिस्किटात संत्रं टिकत नाही.

आपल्याकडे मऊ बिस्किटाला मान नाही. बिस्किट म्हणजे खुसखुशीत, ते मऊ लागलं म्हणजे सादळलं, डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. आम्ही वाढलो ते नानकटाईवर. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि घरचं तूप डब्यांत भरून बेकरीत जायचं, नाव लिहिलेली चिठ्ठी डब्यावर चिकटवायची आणि भट्टीसमोर नंबर लागण्याची वाट बघायची. लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे बाहेर यायचे तेव्हा तूप आणि वेलदोड्याचा जो वास सुटायचा त्याला तोड नाही. नानकटाई जिभेवर ठेवली की विरघळली पाहिजे आणि हातात धरली तर भुगा झाला पाहिजे, ही आईची परीक्षा. ती नानकटाईला अगदी योग्य होती. पुण्यात आल्यावर कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी खाल्ली, तिलाही हीच परीक्षा लावली आणि ती उत्तम गुणांनी पास झाली.

त्यामुळे मी पहिल्यांदा मऊ कुकीज सासूबाईंपुढे ठेवल्या तेव्हा त्यांनी एक मोडून पाहिली आणि विचारलं, "कच्चं राहिलंय का गं आतून?"

"नाही हो आई, असंच असतं ते."

त्यांनी अर्धी खाल्ली, थांबल्या आणि म्हणाल्या, "वास हातात धरलं तेव्हा नव्हता. खाताना येतोय."

स्वयंपाकात मुरलेल्या बाईच्या जिभेला जे कळतं त्याला तोड नसते. त्या एका वाक्यात या कुकीचं सगळं शास्त्र आहे. लोणी साधारण बत्तीस ते पस्तीस अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उष्णतेला. संत्र्याचं तेल त्या लोण्यात मुरलेलं असतं. लोणी वितळलं की तेल सुटतं आणि वास नाकात आतल्या बाजूने चढतो.

साल उजेडात धरून बघा. नारिंगी भागात बारीक बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या एकाच द्रव्याचा असतो. लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज मिसळतं. रबरही ते विरघळवतं, म्हणून तर फुगा फुटतो. एवढं कळलं की स्वयंपाकघरातला पहिला नियम आपोआप हाती येतो. संत्र्याचा वास हवा असेल तर रसाच्या मागे लागायचं नाही. साल किसायची आणि तो कीस लोण्याच्या हवाली करायचा.

रसाबद्दल आणखी एक गोष्ट आमच्याकडच्या लोकांना माहीत असते आणि बाहेरच्यांना नसते. नागपुरी संत्र्याचा रस ताजा असतो तोवर अमृत. तो नुसता ठेवला, किंवा तापवला, की हळूहळू कडवट होऊ लागतो. फळातलं एक द्रव्य रस काढल्यावर बदलतं आणि कडू बनतं. आमच्या संत्र्याचा रस बाटलीबंद करू पाहणाऱ्यांना या कडवटपणाने वर्षानुवर्षं छळलं आहे. म्हणून 'रस आटवून घाला म्हणजे चव दाट होईल' असा सल्ला परदेशी कृतींत असतो तो त्यांच्या संत्र्याला लागू असेल, आपल्याला नाही. मी फक्त दोन मोठे चमचे रस घालते, तोही बिया काढून, गाळून, पीठ मिसळण्याच्या अगदी आधी पिळलेला.

आता मऊपणाचं. एकदा सासूबाईंच्या सांगण्यावरून हीच कृती मी लोण्याऐवजी तुपात केली. तेवढाच कीस, तेवढीच साखर. कुकीज दिसायला देखण्या झाल्या, मोडताना कुर्र वाजल्या आणि वास निम्म्याने कमी. त्याचं कारण मला नंतर कपड्यांवर शिंपडायच्या गुलाबपाण्याचा विचार करताना उमगलं. फुलांपानांतली सुगंधी तेलं काढतात कशी? पाण्याबरोबर उकळून. पाण्याची वाफ जाताना तेलाला सोबत घेऊन जाते. एरवी लिमोनीन 176 अंशांना उकळतं, पण वाफेच्या संगतीने ते त्याच्या कितीतरी आधी निघून जातं. बिस्किट खुसखुशीत करायचं म्हणजे त्यातलं पाणी जवळजवळ सगळं घालवायचं. पाणी गेलं की त्याच्या वाफेसोबत संत्र्याचा मोठा भागही ओव्हनच्या फटीतून स्वयंपाकघरात जातो. घर घमघमतं, बिस्किट रिकामं राहतं. वेलदोडा आणि जायफळ हे सोसतात, त्यांचे वास जड आहेत आणि ते पुडीत खोल दडलेले असतात. संत्रं हलकं आहे. त्याला थोडा वेळ, थोडी आंच आणि आत राहिलेला ओलावा लागतो.

म्हणून लोणी. बाजारच्या बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश आणि साधारण 16 टक्के पाणी असतं. तुपात पाणी नसल्यातच जमा. नानकटाईत तूप मैद्याच्या कणाकणाला वेढून बसतं, चिकटपणा येऊ देत नाही, म्हणून ती भुरभुरते. लोण्यातलं पाणी मैद्याला किंचित बांधतं आणि भाजताना वाफ होऊन कुकीला थोडी फुगवतं. घरचं ताकावरचं लोणी वापरायला मनाई नाही, पण त्यात पाणी किती राहिलंय याचा नेम नसतो. ते वापरायचं तर थंड पाण्यात दोनदा धुऊन, दाबून पाणी काढून, फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या.

मऊपणा टिकवणारी दुसरी गोष्ट गूळ. साखर स्वतः ओलावा धरते, पण गुळात जी फळांसारखी साधी साखर असते ती ओलावा जास्त ओढून ठेवते. पावसाळ्यात गूळ पाझरतो तो याचमुळे. मी 100 ग्रॅम साखरेला 20 ग्रॅम बारीक किसलेला गूळ घेते. याहून जास्त घालू नये. गूळ ठसठशीत बोलणारा आहे, तो बोलायला लागला की संत्र्याला कुणी विचारत नाही. कोल्हापुरी पिवळा गूळ बरा, काळपट सेंद्रिय गूळ इथे नको.

तिसरी गोष्ट अंड्याचा बलक. एकच, पांढरा भाग नाही. पांढऱ्याने कुकी केकसारखी होते. बलक पाणी आणि लोणी यांना एकत्र धरून ठेवतो. अंडं चालत नसेल तर पाणी पूर्ण निथळलेला चक्का, दोन मोठे चमचे. आमच्या घरी मार्गशीर्षात गुरुवार असतात तेव्हा चक्काच, आणि खरं सांगायचं तर चक्क्याची कुकी मला किंचित जास्त आवडते. तिला मागून एक मंद आंबूस चव येते.

बाकीचं सामान साधं आहे. 200 ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, 110 ग्रॅम बिनमिठाचं बटर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. बटर खारं असेल तर मीठ गाळा. कॉर्नफ्लोअर मैद्याचा चिकटपणा कमी करतो. कणीक वापरली तर चालते का, असं बरेच जण विचारतात. चालते, पण कोंड्याचा वास सालीच्या वासावर बसतो. ज्यांना कणीकच वापरायची आहे त्यांनी निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्यावा आणि साल वाढवावी.

आणि साल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सुटायला सोपी, म्हणून तर ते पोरांचं आवडतं फळ. किसायला मात्र हाच सैलपणा आड येतो. किसणीवर जरा दाबलं की साल आत दबते, फाटते आणि रस गळायला लागतो. यावर उपाय दोन. फळ ताजं घ्या, तोडून फार दिवस झालेलं, सुरकुतलेलं, आत पोकळ वाजणारं नको. आणि किसण्याआधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा, साल घट्ट होते. सोलण्याआधी किसायचं हे तर उघडच आहे. किसणी अगदी बारीक दातांची हवी, जायफळ किसतो तशी. एका जागी एकदाच फिरवायची आणि फळ वळवायचं. नारिंगी रंग गेला, पांढरं दिसलं, की त्या जागेला नमस्कार. पांढऱ्यात कडूपणा आहे आणि तो भाजल्यावर वाढल्यासारखा लागतो.

तीन मध्यम संत्र्यांचा कीस या मापाला पुरतो. तो साखरेत घालून बोटांनी चोळायचा. चमच्याने नाही, मिक्सरमध्ये तर नाहीच. साखरेचे दाणे तेलाच्या उरलेल्या पिशव्या फोडतात, तेल साखर पिते, आणि दोन-तीन मिनिटांत पांढरी साखर ओलसर वाळूसारखी, फिकट केशरी होते. या क्षणी स्वयंपाकघरात जो वास येतो त्यासाठी घरातली माणसं आपापल्या खोल्यांतून बाहेर येतात. माझी मुलगी कुठलाही अभ्यास सोडून येते आणि ही साखर चिमटीने खाते. मी तेवढी जास्त घेते.

बाजारातल्या चकचकीत फळांवर मेणाचा पातळ थर असतो. शिवाय बागेत फवारण्या होतात, हे बागायतदाराची मुलगी म्हणून मी जाणते, आणि साल खायची तर याकडे डोळेझाक करता येत नाही. शक्यतो ओळखीच्या बागेतली फळं घ्यावी, शेवटची फवारणी कधी झाली हे विचारायला लाजू नये. कोमट पाण्यात सोडा टाकून फळं दहा-पंधरा मिनिटं भिजवावी, मऊ ब्रशने घासावी, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओल्या सालीचा कीस लगदा होतो.

पुढचं काम झटपट. चोळलेल्या साखरेत गूळ आणि मऊ झालेलं बटर घालून हलकं होईपर्यंत फेटायचं, बलक किंवा चक्का घालायचा, रस घालायचा, चाळलेलं कोरडं साहित्य घालून पीठ दिसेनासं होईपर्यंतच एकत्र करायचं. मळायचं नाही. कणीक मळायची सवय असलेल्या हातांना इथे आवर घालावा लागतो. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग लिंबाएवढे गोळे, साधारण 25 ग्रॅमचे. वीसच्या आसपास होतात. ट्रेवर दोन-दोन बोटं अंतर सोडून ठेवायचे, तळहाताने जरासे चपटे करायचे.

ओव्हन 170 अंशांवर आधी दहा मिनिटं तापवलेला, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. दहा ते अकरा मिनिटं. कडा जेमतेम धरलेल्या असतील, मधला भाग फिकट आणि ओला वाटेल, बोट लावलं तर खळगा पडेल. तेव्हाच बाहेर काढायचा. आपल्या सगळ्या शिकवणीच्या हे विरुद्ध आहे. पोळीला डाग पडायला हवेत, कांदा गुलाबी व्हायला हवा, रवा खमंग भाजायला हवा, भाजलेपणाचा रंग दिसल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. पण तापलेला ट्रे बाहेर काढल्यावरही पाच-सात मिनिटं भाजत राहतो आणि कुकी त्यावर बसून स्वतःला पूर्ण करते. तिला हात लावायचा नाही. मग अलगद उचलून जाळीवर. बदामी रंग येईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवली तर ती चांगलं बिस्किट होईल, संत्र्याची कुकी होणार नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण ठेवून मंद आंचेवर आधी गरम केलेली. यात वेळ थोडा जास्त लागतो आणि तळ लवकर लाल होतो, म्हणून थाळी दुहेरी ठेवावी. माझ्या वहिनीने गावाकडे अशाच केल्या आणि त्या सुरेख झाल्या होत्या.

आंबटपणाचा प्रश्न उरतो. संत्र्याचा वास आहे आणि आंबटपणा नाही, असं झालं की खाणाऱ्याला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, गोळी-चॉकलेटची आठवण येते. पण पिठात जास्त आंबट घालून उपयोग नसतो. सोडा आणि आंबट भेटले की बुडबुडे येतात, कुकी फुगते आणि आंबटपणा त्या भेटीतच खर्च होतो. म्हणून मी कामाची वाटणी केली आहे. वास पिठात, आंबटपणा वरून. पिठीसाखर पाऊण वाटी, त्यात कागदी लिंबाचा रस थेंबाथेंबाने, दाट पण ओघळेल इतपत. पूर्ण गार झालेल्या कुकीवर चमच्याने रेघा ओढायच्या. आधी आंबट लागतं, मग गोड, मग लोणी वितळतं आणि संत्रं येतं. हा क्रम मला इतका आवडतो, की पाहुण्यांनी पहिला घास घेतला की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते.

लिंबूवर्गातली बाकीची मंडळीही मी या पिठात घालून पाहिली आहेत. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ फार गुणी, आजाऱ्याला द्यावं असं, पण कुकीत तिचा आवाज पोचत नाही, लिंबाच्या सालीची सोबत लागते. कागदी लिंबाची साल पातळ आणि तिखट वासाची, एका लिंबाची पुरे, दोन घातली तर भांडी घासायच्या साबणाची आठवण होते. ईडलिंबाची कुकी अफाट होते. त्याची साल जाड, खरबरीत, तेलाने भरलेली आणि वास सगळ्यांत उमदा. आपण त्याचं फक्त लोणचं घालतो याची मला हळहळ वाटते. महाळुंग मात्र मला अजून मनासारखं मिळालेलं नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते महाळुंग. देवीने हातात धरलेलं फळ बाजारात शोधूनही सापडू नये, इतकं ते आपल्या स्वयंपाकातून उठून गेलं आहे. ते जवळपास सगळं सालच असतं, गर नावापुरता. सालीवर प्रेम करणाऱ्या माणसाला याहून चांगलं फळ कुठलं असणार?

पण माझं घर संत्र्याचं. हे झाड काही आमच्याकडचं मूळचं नाही. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून कलमं आणून नागपुरात आपल्या बागेत लावली असं सांगतात, आणि तिथून ते काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीपर्यंत पसरलं. नागपुरी संत्र्याला 2014 साली मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. बाग मात्र मानांकनावर जगत नाही, पाण्यावर जगते. बाग ताणावर सोडायची, म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला तहान लागू द्यायची. मग ताण तोडून पाणी दिलं की झाड फुलांनी भरून येतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलला तो अंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढेमागे. पावसाच्या तोंडावर जून-जुलैत फुलला तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चात. यातलं काहीही ठरल्याप्रमाणे होईल याची हल्ली खात्री नाही. बोअर कोरडे पडतात, अवकाळी येतो, फळगळ होते, पानांवर काळी कोळशी येते, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग लागतो. बुंध्यांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून निळसर केलेली झाडं दुरून छान दिसतात. त्यामागची काळजी दुरून दिसत नाही.

आणि फळ हाती लागलं तरी सगळं विकलं जात नाही. व्यापारी मोठी, गोल, रंगदार फळं उचलतो. बारीक राहिलेली, डाग पडलेली फळं चुरीत जातात. चुरीला भाव नसतो. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हापासून मोठ्या फळालाच गिऱ्हाईक शोधावं लागतं, तिथे चुरीला कोण विचारणार. रस्त्याच्या कडेला चुरीचे ढीग सडताना पाहिलेत मी. बागेत वाढलेल्या माणसाला तो वास सहन होत नाही.

गेल्या हिवाळ्यात भावाला फोन करून म्हटलं, या वेळी मला पेटी चुरीची पाठव.

तो गप्पच झाला. बहिणीला चुरी पाठवायची म्हणजे काय! मग म्हणाला, "अन् लोकं काय म्हनतीन व ताई? चांगला माल घरी असून बहिनीले चुरी धाडली?"

मी त्याला समजावलं. फळ बारीक असलं तरी सालीतलं तेल बारीक नसतं. उलट एक किलो बारीक फळांना एक किलो मोठ्या फळांपेक्षा साल जास्त येते. तेवढ्याच वजनात फळं जास्त, म्हणून बाहेरची बाजू जास्त, हा साधा हिशोब आहे. डाग असेल तेवढी जागा सोडून किसायचं. आणि हिरवट राहिलेली असतील तरी पाठव, त्यांच्या सालीचा वास अधिक धारदार असतो. त्याने चुरी पाठवली, पण खाली. वर चांगल्या फळांचा थर होताच.

त्या चुरीच्या कुकीज मी डबा भरून परत गावी पाठवल्या. बाबांनी खाऊन आईला विचारलं, यात संत्रं किती आणि पीठ किती. आईने सांगितलं, तुमच्या संत्र्याची नुसती साल आहे. बाबा संध्याकाळी पुन्हा एक घेऊन अंगणात बसले आणि फोनवर मला म्हणाले, "एवढे वर्षं आपन फेकूनच देल्ली न मग." मला यावर काही बोलता आलं नाही. बाबांनी हयात बागेत काढली आहे. त्यांना संत्र्याबद्दल नवीन काही सांगावं इतकी माझी प्राज्ञा नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला कृती विचारून लिहून घेतली, मापांसकट. आता वहिनी आणि बचत गटातल्या दोघी-तिघी मिळून हिवाळ्यात चुरीतून थोड्या कुकीज करून बघताहेत. त्यांना माझा एकच आग्रह आहे, की टिकाव वाढवण्यासाठी त्या कडक भाजू नका. ही वस्तू तीन-चार दिवसांचीच. हवाबंद डब्यात, पावाचा एक काप सोबत ठेवला तर पावाचा ओलावा कुकी घेते आणि मऊ राहते. चौथ्या दिवसानंतर मऊपणा असला तरी सालीचं तेल हवेने शिळं व्हायला लागतं, वासात उभारी राहत नाही. जास्त करून ठेवायच्या असतील तर कच्चे गोळे डीप फ्रीजमध्ये ठेवावे आणि लागतील तसे भाजावे. कीस चोळलेली साखरही अशी ठेवता येते. उन्हाळ्यात, संत्रं नावालाही नसताना, ती बाहेर काढते मी.

मार्चमध्ये मृगाची पेटी येईल. मृगाचं फळ अंबियापेक्षा गोड असतं, तेव्हा पिठातली साखर 10 ग्रॅम कमी करायची आणि वरच्या पाकात लिंबू थोडं सढळ घालायचं. वहिनीला तसं कळवलं आहे. तिचं म्हणणं, गावाकडे तोवर ऊन तापायला लागतं, लोणी लवकर पाझरतं, तर गोळे अर्ध्याऐवजी पाऊण तास गार करून पाहते. बरोबर आहे तिचं.